हरणाला न दिसणारं जॅकेट

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. गेल्या वर्षी, जुलैतल्या तिसऱ्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. ठिकाण, लंडनच्या बाहेर हायवेलगतचं एक अवाढव्य दुकान. तिथे तंबू, गळ, बंदुका आणि रानात घालायचे कपडे मिळतात. लंडन म्हणजे आमचं ओंटारिओतलं. भंडाऱ्याच्या मावशीला अजून वाटतं मी राणीच्या गावात राहते. वेळ मला मिनिटासकट माहीत आहे, कारण अकरा वाजून बारा मिनिटांनी मी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्यावर वेळ उमटलेली आहे. आधीच्या दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग नाही.

पत्रकं मी शाळेत असल्यापासून लिहिते. नागपुरात आमच्या वस्तीत एक ताई होत्या, त्यांनी शिकवलं. आधी कोणावर अन्याय झाला ते लिही, मग केव्हा, मग कुठे, शेवटी काय पाहिजे ते माग. मध्ये रडायचं नाही. या प्रकरणावर मी पत्रक काढलं होतं, इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी छापलेलं. इथल्या आमच्या लोकांनी ते ग्रोसरीच्या दारात उभं राहून वाटलं. त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं. ती दोन मिनिटं तेवढी त्यात नव्हती.

बाबा वनरक्षक होते. सगळी नोकरी भंडारा-गोंदियाकडच्या जंगलात, बहुतेक पायी, अंगावर खाकी आणि हातात काठी. त्यांनी एकही जनावर मारलेलं नाही. मारणाऱ्यांच्या मागावर ते जात. पण त्यांना एक नाद होता. वारा तोंडावर घेऊन चितळाच्या कळपाकडे सरकायचं, इतकं जवळ की चरताना गवत तुटल्याचा आवाज कानावर यावा. मग कळपाला कळू न देता तसंच मागे फिरायचं. आई विचारायची, "येवढं जवळ जाऊन करता काय?"

"काई नाई. परत येतो."

हा त्यांचा सगळा खुलासा. मी लहान असताना मला तो वेडेपणा वाटायचा. मोठी झाल्यावर मी त्याचं राजकारण केलं: ज्या माणसाला गावातल्या विहिरीवर मागे सरकायला सांगितलं, तो जंगलात आपणहून पुढे सरकत होता, वगैरे. हे मी एका जयंतीच्या भाषणात बोललेसुद्धा. बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, "बरं बोलली. पन मी त्याच्यासाठी नव्हतो जात."

निवृत्त झाल्यावर त्यांना काचबिंदू निघाला. हा रोग कडेपासून खातो. समोरचं दिसत राहतं, बाजूचं जातं. दुसऱ्या कोणाचं यात कमी नुकसान झालं असतं. बाबांचं सगळं कसब बाजूला होतं. "हरीन समोर पाहून नाई दिसत, पोरी. डोयाच्या कोपऱ्यात हालते, तवा दिसते." नागपूरच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं की गेलं ते येणार नाही, राहिलं ते किती टिकेल सांगता येत नाही. त्या उन्हाळ्यात व्हिसा मिळाला तेव्हा ते माझ्याकडे आले ते नायगारा बघायला नाही. मी विचारलं होतं, इथे काय काय बघायचंय? त्यांनी विचारलं, "तिकडं हरनं हायेत?"

"आहेत. लोकांच्या परसात येतात."

"एक डाव जाऊन पाहतो. मंग झालं."

एवढीच गोष्ट होती. एका माणसाला, डोळ्यांचे कोपरे पूर्ण मिटायच्या आत, एका हरणाजवळ जायचं होतं.

मी हॉस्पिटलात फिजिओथेरपीचं काम करते. तिथे एका पेशंट बाईंचा नवरा त्यांना घ्यायला यायचा. म्हातारा शेतकरी, सोयाबीन पिकवणारा, शेताच्या कडेला त्याचं स्वतःचं रान. उन्हाळ्यात हरणं कोवळ्या सोयाबीनवर येतात, ऊन कललं की रानाच्या कडेने बाहेर पडतात. तो फोनवर त्यांचे फोटो दाखवायचा, नातवंडांचे दाखवावेत तसे. मी बाबांबद्दल सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, इथे तर सगळेच शरदातल्या शिकारीआधी उन्हाळ्यात नुसतं बघायला, माग काढायला हिंडतात; आण त्यांना. फक्त एक अट. अंगावर नारंगी रंग हवा, तो भडक, चमकणारा, शिकारी लोक घालतात तसला.

"शिकारीचा सीझन तर नाही ना आता?" मी म्हटलं.

"सीझन नाही, पण मी आहे ना," तो म्हणाला. "ग्राउंडहॉग, त्या मांजराएवढ्या घुशी, शेतात बिळं करतात, मी रायफल घेऊन बसतो. माझे डोळे तुझ्या बापापेक्षा वाईट. नारंगी घातलं नाही तर मी त्याला सगळ्यात मोठा ग्राउंडहॉग समजेन."

मी विचारलं, दुसरा एखादा भडक रंग चालेल का. तो म्हणाला, गुलाबी आण, मला फरक नाही पडत. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "नारंगीत काय वाईट आहे?"

त्याला काय सांगणार? कॅनडातल्या त्या माणसाला नारंगी म्हणजे रस्त्यावर काम करणाऱ्यांचा रंग. आमच्या वस्तीवरून मुद्दाम थांबून थांबून ढोल बडवत जाणाऱ्या मिरवणुकीच्या खांद्यावर कोणता रंग असायचा, ते त्याला कुठून माहीत असणार. मी म्हटलं, काही नाही.

घरी येऊन मी बाबांना आमच्या संघटनेचं विंडचीटर दिलं. एप्रिलमध्ये इथे बर्फ पडू शकतो, म्हणून जयंतीच्या रॅलीसाठी शिवून घेतलेलं होतं ते. हलकं, पाठीवर छापलेलं, आणि निळं. मला वाटलं याहून योग्य कपडा नाही.

बाबांनी ते हातात घेतलं, बाही बाहीवर घासली आणि कानाशी नेली.

"हे कापड बोलते."

"म्हणजे?"

"चाललं का आवाज करते. आनं रंग बी नाई चालत. हरनाले निळा लय दिसते, बाई."

"काहीतरीच काय बाबा!"

"जयंतीचा दुपट्टा गळ्यात घालून मी डायरेक्ट जंगलात बीटवर गेलो होतो एक डाव. अख्खा कळप मान वर करून पाहून रायला होता. काढून खिशात टाकला, तवा जाऊ देल्लं."

मी फोनवर शोधलं. खरं निघालं. हरणाला निळा ठळक दिसतो. नारंगी आणि लाल त्याला मातकट, आसपासच्या गवतासारखे दिसतात. शिकारी लोक म्हणूनच तो रंग घालतात, माणसाला दिसायला आणि हरणाला न दिसायला. मी फोन उलटा ठेवला. माझा राग कोणावर होता? हरणावर? हसू नका. त्या संध्याकाळी मी खरंच हरणावर चिडले होते.

मग शनिवारी दुकान. संध्याकाळी शेतकऱ्याकडे जायचं ठरलं होतं, सकाळी जॅकेट घ्यायचं. बाहेर चिकट उकाडा. उन्हाळ्यात जॅकेट कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण सोयाबीनच्या कडेला डास असतात, गवतात टिक असतात, गोचिडीसारखा तो किडा चावला तर महिनोन्महिने आजारी पाडतो. उघडा हात उन्हात चमकतो. म्हणून बाह्या लांब हव्यात, मनगटाशी घट्ट हव्यात, आणि कापड इतकं हलकं हवं की माणूस आत शिजू नये. शिवाय ते मुकं हवं. हे शेवटचं कुठल्याच लेबलवर लिहिलेलं नसतं.

बाबांची पद्धत होती. एकेक जॅकेट हँगरवरून काढायचं, डोळे मिटायचे, दोन्ही बाह्या कानाजवळ घासायच्या. "हे पत्र्यावरच्या पान्यासारखं." बाजूला. दुसरं. "हे बरं हाय, पन वास पाह्य." कॉलर नाकाला लावून हुंगायची. तिसऱ्याच्या खिशाला चिकटपट्टी होती, ती त्यांनी फर्रकन उघडली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे उघडलं का कळप डायरेक्ट मध्य प्रदेशात."

मी हसले. सांगायला हवं की तोपर्यंत आम्ही दोघं मजेत होतो. कितीतरी वर्षांनी बाबा मला काहीतरी शिकवत होते आणि मी वाद घालत नव्हते.

"बाबा, लोक बघतायत."

"पाहू दे. मले लोकाइच्या डोयाची नाई, हरनाच्या कानाची चिंता हाय."

शेवटी एक सापडलं. पातळ, वरून पीचच्या सालीसारखं लवदार, काखेत जाळी, मनगटाशी विणलेली पट्टी. बाही घासली तर काही म्हणजे काही ऐकू येईना. मी स्वतः कान लावला. बाबांचा चेहरा उजळला. ते दोनच रंगांत होतं: पानापानांचं, ज्यात शेतकऱ्याला माणूस दिसला नसता, आणि पूर्ण नारंगी.

बाबांनी नारंगी घातलं. चेन अर्धी लावली, वाकले आणि तंबूंच्या रांगेतून चालायला लागले. आधी पावलाची बाहेरची कड, मग बोटं, मग टाच. मी त्यांना असं चालताना कधीच पाहिलं नव्हतं. साठी ओलांडलेला माणूस, आणि फरशीवर बुटांचा आवाज नाही.

आणि मी काय म्हटलं? "काढा ते."

"काऊन?"

"हा रंग आपण घालत नाही."

"आपन म्हंजे कोन?"

"बाबा, प्लीज. आपल्या गल्लीतून हा रंग खांद्यावर टाकून कोण जायचं, काय ओरडत जायचं, विसरलात? फोटो निघाला एखादा तर? मी कुठल्या तोंडाने बोलू?"

ते मग म्हणाले, "हरनाले तो दिसत बी नाई. तुले येवढा कायले दिसते?"

मी वळले, पंधरा-वीस पावलांवर गळांच्या स्टँडजवळ हाताची घडी घालून उभी राहिले. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुकानातला एक माणूस बाबांकडे गेला. कमरेला वॉकीटॉकी. त्याने काय पाहिलं असेल त्याचा मी नंतर खूप विचार केला: तपकिरी म्हातारा, अंगावर बिल न झालेलं जॅकेट, वाकून, आवाज न करता दाराच्या दिशेने चाललेला. तो म्हणाला, "सर, आय नीड यू टू टेक दॅट ऑफ." बाबांना इंग्रजी जेमतेम. ते हसले आणि ओठांवर बोट ठेवलं. शू. त्यांना वाटलं, हा इथला माणूस, याला तर कळेलच मी काय करतोय.

त्या माणसाला ते कळलं नाही. त्याने वॉकीटॉकीत काहीतरी सांगितलं आणि इकडेतिकडे बघितलं. आसपास बाबांच्या रंगाची मी एकटीच. त्याने मला विचारलं, "इज ही विथ यू?"

मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. मी नुसती उभी राहिले.

दुसरा माणूस आला. त्याने बाबांचं कोपर धरलं. बाबा स्वतःच जॅकेट काढायला लागले, पण चेन अडकली, तेव्हा पहिल्याने बाही धरून ओढली. बाबांचा चष्मा वाकडा झाला. आणि मी तरीही उभी. लिहायचं तर पूर्ण लिहिते: भीतीने नाही, गोंधळून नाही. कोणीतरी ते जॅकेट त्यांच्या अंगावरून काढत होतं आणि मला तेच हवं होतं.

मग त्यांचा एक हात बाहीत अडकलेला राहिला आणि ते डुलले, तेव्हा मी धावले. फोन काढला. अकरा बारा. त्यानंतरचं रेकॉर्डिंग सगळ्यांनी पाहिलंय. माझा आवाज, माझं इंग्रजी, "तुम्ही एका निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याला हात लावताय", मॅनेजर, माना वळवणारी गिऱ्हाइकं. रेकॉर्डिंगच्या कोपऱ्यात, नीट पाहिलं तर, बाबा दिसतात. ते जमिनीवरचं जॅकेट उचलतात, झटकतात आणि हँगरला लावतात.

गाडीत मी बोलतच होते. तक्रार कुठे करायची, पत्रक केव्हा काढायचं. बाबा चष्म्याची काडी सरळ करत होते. शहरात शिरलो तेव्हा म्हणाले, "त्यानं तुले विचारलं ना..."

"काय?"

"मी तुह्याकडंच पाहून रायलो होतो."

एवढंच. त्यात टोमणा नव्हता. वनरक्षकाने रोजच्या नोंदवहीत लिहावं, अमुक ठिकाणी अमुक दिसलं, तसं ते बोलले.

संध्याकाळी शेतकऱ्याचा फोन आला. सात हरणं बाहेर आली होती, त्यात एक शिंगांवर मखमल असलेला नर. कुठे आहात तुम्ही? मी बाबांना म्हटलं, चला, त्याच्याकडे नारंगी जाळीचं बिनबाह्यांचं जॅकेट पडलेलं आहे, ते घाला, मी काही बोलणार नाही. बाबा म्हणाले, आज नको. पुढच्या शनिवारी म्हणाले, गुडघा दुखतो. त्याच्या पुढच्या शनिवारी मी विचारलंच नाही. ते बेसमेंटमध्ये पंख्यासमोर बसून राहायचे आणि वेळेवर डोळ्यांत थेंब घालायचे.

दुकानाने पत्र पाठवलं. माफी, प्रशिक्षण, वगैरे वगैरे. आणि भेट म्हणून ते जॅकेट. मी ताठ भाषेत नाकारलं. चार ओळींचं ते उत्तर मला फार आवडलं होतं, मी ते बाबांना मराठीत करून ऐकवलं.

"कोनतं जॅकेट देत होते?"

"तेच. नारंगी."

"हं," बाबा म्हणाले.

सप्टेंबरात ते परत गेले. विमानतळावर त्यांनी माझ्या खांद्याला धरलं होतं, कारण बाजूने येणाऱ्या ट्रॉल्या त्यांना दिसत नव्हत्या. आता ते घरात भिंत धरून चालतात. डॉक्टर पूर्वी म्हणाले तेच म्हणतात. या जुलैत शेतकऱ्याने फोटो पाठवला, सोयाबीनमध्ये गुडघाभर उभा तोच नर किंवा त्याचा भाऊ. मी बाबांना पाठवला आणि फोन केला. ते फोन तोंडाजवळ धरून तुकड्यातुकड्याने बघत होते.

"शिंग सापडलं. बाकीचा कुठं हाय?"

"डावीकडे बघा. अजून डावीकडे."

"नाई. असू दे."

मी तिकीट काढते म्हणाले, पुन्हा या म्हणाले. ते म्हणाले, येऊन काय करू. मी शेतकऱ्याला काय कळवायचं ते अजून ठरवलेलं नाही. माझं पत्रक अजून कुणाकुणाच्या फ्रिजवर लावलेलं आहे. मागच्या आठवड्यात टोरांटोजवळ रिचमंड हिलला एका घरी पाहिलं. बाईंनी अभिमानाने सांगितलं, "तुमच्या बाबांसाठी लढलात." मी चहा प्यायले आणि निघाले. दुकानावर मी जे आरोप केले त्यातला एकही मागे घेत नाही. त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाला हात लावला. पण त्याच्या आधी त्यांनी विचारलं होतं, आणि ज्याने उत्तर द्यायचं ते माणूस मी होते.

आता मागणी. ती तुमच्याकडे आहे. तुमचेही आईवडील उन्हाळ्यात इथे येतात, तुम्हाला न पटणारे कपडे घालतात, मॉलमध्ये मोठ्याने बोलतात, वस्तू हुंगून बघतात, आणि तुम्ही दोन पावलं पुढे चालता. मी तुम्हाला चालताना पाहिलंय. कोणीतरी तुम्हाला तोच प्रश्न विचारणार आहे. तेव्हा "येस" म्हणा. पहिल्याच श्वासात, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं, त्यांच्या अंगावर काय आहे ते न बघता. त्यांच्याशी जे भांडायचं ते नंतर भांडा.